ममी आत, कपच्या बाहेर

लंडनच्या ब्रिटिश म्युझियमकडे चुनखडीची एक कपची आहे. उंची ३८.५ सेंटिमीटर, रुंदी ३३. रामसेस दुसऱ्याच्या राजवटीच्या ४०व्या वर्षाचं, म्हणजे इ.स.पू. १२४०च्या आसपासचं हे हजेरीपुस्तक आहे. खरं म्हणजे गैरहजेरीपुस्तक. उजवीकडे ४० कारागिरांची नावं, नावापुढे काळ्या शाईत खाड्याच्या तारखा आणि तारखेच्या डोक्यावर लाल शाईत कारण. सेबाला विंचू चावला. पेन-नुबची आई आजारी. हुइनेफरचा डोळा दुखतोय. कुणी घरी बिअर करतोय, कुणी आईच्या प्रेताला पट्ट्या गुंडाळायला गेलाय, कुणाच्या घरी बायकोची किंवा मुलीची पाळी आहे. एकजण खोन्सूबरोबर प्यायला बसलाय. आणि कितीतरी जण साहेबाच्या घरच्या कामाला जुंपलेले. 'लेखनिकासाठी दगड वाहतोय' हे कारण खुद्द सरकारी नोंदीत, लाल शाईत!

त्याच इमारतीत गर्दी असते ती ममींच्या दालनात. जगात जिथे जिथे इजिप्तचं दालन आहे तिथे हेच. आपल्याकडेही वेगळं नाही. बडोद्याला सयाजीराव गायकवाडांनी उभारलेल्या संग्रहालयात, जयपूरच्या अल्बर्ट हॉलमध्ये, हैदराबादेत, कोलकात्यात सहलीची पोरं धावत जातात ती एकाच काचेच्या पेटीकडे. माझं म्हणणं सरळ आहे: या पेट्या दालनातून काढून मागच्या बंद खोलीत न्याव्यात आणि दालनात कपच्या, छिन्न्या, पाव, धोब्याची यादी, अर्धवट राहिलेली भिंत हे सगळं पुढे आणावं. याला भावनेचं कारण आहेच, पण त्याहून मोठी कारणं आहेत आणि त्यातलं पहिलं खुद्द इजिप्शियन लोकांनीच देऊन ठेवलेलं आहे.

त्यांची कबर दोन भागांची असे. पुढे किंवा वर पूजेची खोली, नातेवाइकांना आणि वाटसरूंना उघडी. खाली प्रेताची खोली, तिच्याकडे जाणारं विवर दगडमातीनं भरून कायमचं बंद. पूजेच्या खोलीत मूर्ती, कोरीव शिळा आणि भिंतीवर विनवणी: 'पृथ्वीवर जगणाऱ्यांनो, इथून जाणाऱ्यांनो, माझ्यासाठी हजार पाव, हजार घडे बिअर असं म्हणा.' काही आणायची गरज नव्हती, तोंडानं म्हटलं की पुरे. सक्कारा इथे जोसेर राजाच्या पायरीच्या पिरॅमिडला लागून एक बंद कोठडी आहे; आत राजाचा पुतळा होता आणि त्याच्या डोळ्यांसमोर भिंतीला दोन भोकं. म्हणजे दिसायचं आणि पाहायचं काम मूर्तीचं, ऐकू जायचं ते नाव, आणि शरीरानं अंधारात राहायचं. 'त्यांना अमर व्हायचं होतं, आम्ही त्यांना अमर करतोय' असं ममी मांडणारे म्हणतात, तेव्हा ही वाटणी ते सोयीस्कर विसरतात. प्रदर्शन कसं मांडायचं हे त्या लोकांनी आधीच ठरवलं होतं. आपण ते उलटं करून ठेवलंय.

दुसरं कारण अभ्यासाचं. ममी सोडून पाहिल्याशिवाय ज्ञान मिळत नाही हा समज शंभर वर्षांपूर्वीचा, आणि तेव्हाही त्याची किंमत जबर होती. १९२५च्या नोव्हेंबरात पुरातत्त्वज्ञ हॉवर्ड कार्टर आणि शरीरशास्त्रज्ञ डग्लस डेरी यांनी तुतनखामुनची ममी उघडली. अंत्यविधीच्या वेळी पुजाऱ्यांनी तिच्यावर राळमिश्रित तेल बादलीनं ओतलं होतं. ते गोठून डांबरासारखं झालं आणि ममी सोन्याच्या पेटीला चिकटून बसली. आधी पेटी उन्हात ठेवून पाहिली, राळ हलेना. मग तापवलेल्या सुऱ्या. डोकं वेगळं केलं, हातपाय सांध्यांतून कापले, कमरेपाशी धड तोडलं. नंतर तुकडे वाळूच्या तबकात जुळवून परत ठेवले. १९६८ साली क्ष-किरण तपासणी झाली तेव्हा छातीचं हाडच जागेवर नसल्याचं लक्षात आलं. आज त्या राजाच्या मृत्यूबद्दल जे वाद चालतात, त्यातला मोठा भाग 'हे मोडलंय ते तेव्हा की १९२५ नंतर' एवढ्यावरच अडतो.

आता याच्या शेजारी अमेनहोतेप पहिला ठेवून पाहा. त्याची ममी १८८१ साली देर अल-बहरीच्या गुप्त साठ्यात मिळाली. मुखवटा आणि फुलांच्या माळा इतक्या सुंदर होत्या की उघडायला कुणाचा हात धजावला नाही. २०२१च्या डिसेंबरात किरणतज्ज्ञ सहर सलीम आणि इजिप्तशास्त्रज्ञ झाही हवास यांनी तिच्या सीटी स्कॅनचे निष्कर्ष छापले: उंची १६९ सेंटिमीटर, वय सुमारे ३५, अंगावर ३० ताईत, कमरेला ३४ सोन्याच्या मण्यांची साखळी. एक पट्टी न सोडता. एकाकडून हाती आले तुकडे आणि शंका, दुसऱ्याकडून मोजमापं. यंत्राला उघडी ममी लागत नाही. ती काचेपलीकडे दिसण्याचा अभ्यासाशी काडीचा संबंध नाही.

तिसरं कारण अगदी देखभालीचं. ममी म्हणजे नॅट्रॉन नावाच्या क्षारात सुमारे ४० दिवस पुरून वाळवलेलं मांस आणि त्यावर तागाच्या पट्ट्या. हवेतला ओलावा वाढला की उरलेला क्षार पाणी ओढतो, बुरशी धरते, किडे लागतात. रामसेस दुसऱ्याला १९७६ साली बुरशीच्या उपचारासाठी विमानानं पॅरिसला न्यावं लागलं, तेही कैरोच्या कोरड्या हवेत राहिलेला असून. कैरोच्या राजघराण्यातल्या ममींसाठी पुढे नायट्रोजन भरलेल्या हवाबंद पेट्या तयार झाल्या, आतला ऑक्सिजन २ टक्क्यांखाली ठेवणाऱ्या. आपल्याकडच्या जुन्या संग्रहालयांतल्या लाकडी चौकटीच्या पेट्या आणि पावसाळ्यात वर जाणारी आर्द्रता यांचा विचार करा. २०२०च्या ऑगस्टमध्ये जयपुरात ढगफुटीसारखा पाऊस झाला, अल्बर्ट हॉलच्या तळघरात पाणी शिरलं आणि ममी घाईघाईनं हलवावी लागली. इजिप्तच्या वाळूत दोन हजारांहून अधिक वर्षं काढलेलं शरीर राजस्थानच्या वाळवंटात पुरातून वाचवायची वेळ यावी!

विरोधी बाजू कमकुवत नाही, हे मान्य केलं पाहिजे. मँचेस्टरच्या संग्रहालयानं २००८ साली ममींवर कापड घातलं. लोक चिडले आणि कापड काढावं लागलं. माझ्या मते चूक झाकण्यात नव्हती; झाकून त्या जागी दुसरं काहीच न मांडण्यात होती. प्रेक्षकानं एका चादरीकडे बघायचं तरी काय? दुसरा मुद्दा इजिप्तचा. तिथले राष्ट्राध्यक्ष अन्वर सादात यांनी १९८०च्या सुमारास राजांच्या ममींची खोली बंद केली, १९९४ला ती पुन्हा उघडली, आणि ३ एप्रिल २०२१ला तर १८ राजे व ४ राण्यांची मिरवणूक निघाली, तोफांच्या सलामीसह, फुस्तातच्या नव्या संग्रहालयापर्यंत. मग बडोद्याला किंवा लंडनला सोवळेपणा कशाला? उत्तर असं की आपल्या पूर्वजांचं काय करायचं हे कैरोनं ठरवावं, तो अधिकार त्यांचा. एकोणिसाव्या शतकात प्राचीन वस्तूंच्या बाजारातून आलेल्या शरीरावर तो अधिकार आपोआप इतरांकडे येत नाही. आणि गर्दी ममीमुळे होते, हे अर्धंच खरं. दालनात दुसरं काही बोलकं ठेवलेलंच नसतं, तेव्हा लोक मुक्या प्रेताकडे जाणारच.

मग बोलकं म्हणजे काय? त्यासाठी लक्सरला नाईलच्या पश्चिम तीरावर, देर अल-मदिनाला जायचं. 'राजांच्या दरी'तल्या कबरी खोदणाऱ्या आणि रंगवणाऱ्या कारागिरांचं हे गाव. त्यांच्या भाषेत 'सत्याची जागा'. गावकुसाच्या आत शेवटी ६८ घरं होती, वस्ती चारशेहून अधिक वर्षं टिकली. वर ज्याच्या सीटी स्कॅनबद्दल लिहिलं तो अमेनहोतेप या गावाचं दैवत. त्याची पालखी निघे, तो कौल देई. गाव डोंगराच्या खोबणीत, पाणी नाही. गाढवांवरून रोज वर आणावं लागे. गावाजवळ सुमारे ५२ मीटर खोल विहीर खणली गेली, पाणी लागलं नाही आणि खड्ड्यात केर जाऊन पडला. फ्रेंच संशोधक बेर्नार ब्रुयेर यांनी १९२२ ते १९५१ इथे उत्खनन केलं. त्या खड्ड्यातून त्यांनी लिहिलेल्या कपच्या आणि खापऱ्या हजारोंनी काढल्या. पपायरस महाग, चुनखडीच्या कपच्या मात्र पायाखाली हव्या तेवढ्या. म्हणून रोजचं सगळं त्यांच्यावर.

पगार घ्या. साध्या कारागिराला महिन्याला ४ खार एमर गहू आणि दीड खार सातू. मुकादमाला साडेपाच आणि दोन. खार म्हणजे सुमारे ७७ लिटरचं माप, म्हणजे कारागिराच्या घरी ३०० लिटरच्या वर गहू आणि ११५ लिटर सातू येई. गहू पावासाठी, सातू बिअरसाठी. शिवाय मासे, भाजी, सरपण, मडकी, पाणी. नाणं नव्हतं, हिशेब देबेनमध्ये, म्हणजे ९१ ग्रॅम तांब्याच्या भावानं.

हा एमर गहू आपल्याला परका नाही. तोच आपला खपली गहू. सांगली-साताऱ्याकडे आणि उत्तर कर्नाटकात अजून पेरतात तो. नावातच गोम आहे: मळणी केली तरी दाण्याची खपली सुटत नाही, कांडावंच लागतं. इजिप्तमधल्याच अमार्ना या जुन्या नगराच्या कामगारवस्तीत घरांच्या जमिनीत रोवलेली चुनखडीची उखळं मिळाली ती याचसाठी. कोरडी कणसं कांडली तर दाणा फुटतो. आधी थोडं पाणी शिंपडलं की टरफल चिवट होऊन दाण्यापासून अख्खं सुटतं आणि दाणा शाबूत राहतो, हे संशोधक डेल्वेन सॅम्युएल यांनी प्रयोग करून दाखवलं. मग वाळवणं, पाखडणं आणि दगडावर दगड पुढेमागे घासून दळणं. गोल फिरणारं जातं तेव्हा नव्हतंच. आपल्या पाट्या-वरवंट्याच्या चालीचं काम. सांगाड्यांचे दात झिजून सपाट झालेले दिसतात, त्याला वाळवंटातली वाळू आणि दळणातला दगडाचा भुगा दोन्ही कारण. दालनात एक मूठ खपली टरफलासकट, एक मूठ कांडलेली आणि शेजारी पाटा-वरवंटा ठेवला, तर 'मासिक वेतन ४ खार' या ओळीमागे घरातल्या बाईचे किती तास होते, ते पाटीवर एक अक्षर न लिहिता कळेल.

हा पगार थकला की काय होई? रामसेस तिसऱ्याच्या २९व्या वर्षी, इ.स.पू. ११५७च्या सुमारास, हिवाळ्याच्या दुसऱ्या महिन्याच्या दहाव्या दिवशी या कारागिरांची टोळी स्मशानाच्या पाच भिंती ओलांडून बाहेर पडली. 'आम्ही उपाशी आहोत' असं म्हणत थुतमोस तिसऱ्याच्या मंदिरामागे जाऊन बसली. कापड नाही, तेल नाही, मासे नाहीत, भाजी नाही. लेखनिक अमेननख्तनं हे टिपून ठेवलं; तो पपायरस आज इटलीत तुरीनच्या संग्रहालयात आहे. उपलब्ध नोंदींतला हा सगळ्यात जुना संप. 'पिरॅमिड गुलामांनी चाबकाखाली बांधले' हे ऐकत वाढलेल्या वाचकाला हा कागद दाखवायलाच हवा. (पिरॅमिड याच्या हजाराहून अधिक वर्षं आधीचे, तेव्हा एकावरून दुसरं सिद्ध होत नाही. पण राबणारा माणूस आणि त्याच्या थकलेल्या पगारासाठी बसून राहायची त्याची पद्धत, दोन्ही इथे नावानिशी भेटतात.)

कामाची शिस्त तर आजच्या ठेकेदारानं बघावी अशी. टोळीच्या दोन बाजू, 'उजवी' आणि 'डावी', नावेच्या वल्हेकऱ्यांसारख्या. आठवडा दहा दिवसांचा, शेवटचे एक-दोन दिवस सुट्टी. तांब्याच्या छिन्न्या सरकारी. देताना वजन, बोथट झाली की परत घेताना वजन, कारण तांबं म्हणजे पैसा आणि रोज थोडं थोडं घासून नेलं तर कळणार कसं? कबरीतल्या दिव्याच्या वातीसुद्धा मोजून देत. सकाळी इतक्या, दुपारी इतक्या. दिवसाचं काम दोन पाळ्यांत चाले, हे आज आपल्याला कळतं ते या वातींच्या हिशेबावरून.

आता भिंत. 'इजिप्तची कला' म्हणून पुस्तकांत येते ती पूर्ण झालेली, गुळगुळीत. शिकवते ती अर्धवट राहिलेली. १९०८ साली सापडलेल्या होरेमहेब राजाच्या कबरीत काम मध्येच थांबलं आणि सगळे टप्पे भिंतीवर जसेच्या तसे राहिले. आधी खडक तासून सपाट करायचा. मध्ये गारगोटीचा गोळा आला तर तो उपटून खड्डा गिलाव्यानं भरायचा. मग जिप्समचा पातळ हात. मग गेरूत भिजवलेली दोरी ताणून फटका मारायचा, की सरळ लाल रेघ उमटते आणि तिच्या कडेला उडालेले बारीक शिंतोडे. लाकडावर खूण करणारा आपला सुतारही हेच करतो. अशा आडव्या-उभ्या रेघांची चौकट: उभ्या माणसाची तळव्यापासून कपाळावरच्या केसांच्या रेषेपर्यंत उंची १८ घरं. गुडघा सहाव्या रेघेवर, नितंबांची खालची कड नवव्या, मानेचा सांधा सोळाव्या. शिकाऊ लाल शाईत आकृती काढी, उस्ताद काळ्यानं दुरुस्त करी. होरेमहेबच्या भिंतीवर लाल रेघ एकीकडे आणि काळी तिच्या बोटभर बाजूला, अशा जागा स्पष्ट दिसतात. मग कोरणारा येई, तो काळ्या रेघेनं जाई. शेवटी रंग.

रंगांत निळा सगळ्यात अवघड, कारण तो खाणीतून येत नाही, भट्टीत करावा लागतो. वाळू, चुना, तांब्याचं भंगार किंवा त्याचं कीट आणि वितळायला मदत म्हणून नॅट्रॉन. रेणूच्या हिशेबात तांबं एक, चुन्यातलं कॅल्शियम एक, वाळूतलं सिलिकॉन चार. ८५० ते १००० अंश सेल्सियसची धग कित्येक तास धरून ठेवायची. धग कमी पडली तर निळा धरतच नाही; १०५०च्या पुढे गेली तर धरलेला मोडून काच होते. चुना जास्त झाला तर माल हिरवा निघतो. नॅट्रॉन जास्त, तर काचेचं प्रमाण वाढून दळायला कठीण. जमलाच, तरी दळण्यात गंमत आहे: जाडसर ठेवला तर गडद, बारीक केला तर फिका आकाशी. एकाच वडीतून रात्रीचं आकाशही आणि पाणीही. ही चार तऱ्हेची चुकलेली भट्टी शेजारी शेजारी मांडली, तर ज्याला सिरॅमिकची गोडी नाही तोही थांबून पाहील. शिवाय साध्या प्रकाशात हा रंग डोळ्यांना न दिसणारे अवरक्त किरण फेकतो, म्हणून भिंतीवर त्याचा कणही उरला नाहीसा वाटला तरी योग्य कॅमेऱ्यात पांढरा चमकतो.

सगळ्यांत पटवणारं उदाहरण मात्र तुरीनचं. इटालियन संशोधक स्किआपरेल्ली यांना १९०६ साली याच गावाच्या डोंगरात खा नावाच्या बांधकाम-प्रमुखाची आणि त्याची बायको मेरित हिची न लुटलेली कबर मिळाली. चारशेहून अधिक वस्तू: पावांचे नाना आकार, खारवलेले पक्षी, जिरं, कपडे, तिचा केसांचा टोप, त्याची घडीची लाकडी मोजपट्टी. आणि दोन ममी, ज्या आजवर कुणी सोडलेल्या नाहीत. आतले दागिने क्ष-किरणांनी आणि सीटीनं पाहिले, पट्ट्या जागच्या जागी. त्या दालनात नवरा-बायको कोण होते ते त्यांच्या पेटाऱ्यांतून कळतं.

कपच्या मांडणं सोपं आहे असं मी म्हणणार नाही. काजळीची काळी शाई आणि गेरूची लाल शाई उजेडानं सहसा उडत नाही, पण चुनखडीत मुरलेलं मीठ हा खरा शत्रू: ओल आली की विरघळतं, सुकलं की पृष्ठभागाखाली स्फटिक होऊन शाईसकट पापुद्रा उडवतं. म्हणून आर्द्रता कमी असण्यापेक्षा स्थिर असणं महत्त्वाचं. तिरक्या झोताचा उजेड इथे उपयोगाचा नाही. तो कोरीव कामाला, शाईला सगळीकडून सारखा लागतो. आणि कपचीजवळ तिच्याच आकाराचं रेखाटन हवं, अक्षर न् अक्षर ठळक केलेलं, त्याखाली मराठीत किंवा गुजरातीत ओळ-ओळ अर्थ. ही लिपी उजवीकडून डावीकडे जाते, एवढं सांगितलं तरी पाहणारा शाळकरी मुलगा नाव शोधायला लागतो. 'लेखयुक्त चुनखडी, नवे राज्य' एवढीच पाटी लावायची असेल तर ममीच बरी.

भारतातल्या संग्रहालयांकडे अशा कपच्या फारशा नाहीत, हे खरं. पण ठसे आणि प्रतिकृती घेता येतात, आणि साधनं तर गवंड्याच्या पिशवीतच आहेत. याच गावातल्या सेन्नेजेमची कबर १८८६ला सापडली. त्याचा ओळंबा आणि गुण्या आज कैरोत आहेत. लाकडी चौकट, मधून लोंबणारी दोरी आणि वजन. नाक्यावरच्या कुठल्याही मिस्त्रीला दाखवा, नाव विचारायची गरज पडणार नाही.

प्रतिकृती एकच परवडणार असेल तर तुरीनमधल्या नाचणाऱ्या मुलीची घ्यावी. पंजाएवढी चुनखडी, काळ्या रेघेत मागे कमान टाकलेली मुलगी: हात जमिनीला, पाय जमिनीला, पोट वर, मोकळे केस पार खाली लोळलेले. कानात रिंग आहे. केस लोंबतायत, रिंग मात्र लोंबत नाही. मुलगी उभी असती तर जशी दिसली असती तशीच ती काढलीय. भराभर रेघ ओढत गेलेल्या त्या चित्रकाराच्या ते लक्षात आलं नाही, की आलं आणि त्यानं तसंच राहू दिलं, हे पाहणाऱ्यांनी काचेला नाक लावून आपसात भांडत ठरवावं.